चौथा जेवणारा

मुलांनो, हात धुतलेत का? मग बसा. मांडी घालून बसा आणि मोबाइल आईकडे द्या. आईच्या हातात तिचा स्वतःचा असेल तर तिला तो खाली ठेवायला सांगा, कारण ही गोष्ट तिनेही ऐकायची आहे.

एका जंगलात, मोहाच्या सात झाडांपलीकडे, एक गुहा होती. गुहेत एक अस्वलीण राहायची. तिचं नाव सुलोचना. अस्वलांची नजर तशी अधूच असते, पण बारशाच्या दिवशी कोण कुणाची नजर तपासतं? तुमच्या वर्गात नाही का एक शांताराम, जो दिवसभर बाकावरून उड्या मारतो? तसंच हे.

गुहेत सुलोचनाचा नवरा होता, भालचंद्र. तिच्या सासूबाई होत्या. मुलगी होती, चिमी. आणि एक चूल होती. चुलीचं नाव घेतलं, कारण सुलोचना घरातल्या इतर कुणाहीपेक्षा चुलीशीच जास्त बोलायची.

रोज सकाळी ती मोहाची फुलं निवडायला गुहेच्या तोंडाशी बसायची आणि एक प्रश्न विचारायची.

"आज काय करू?"

भालचंद्र झाडाच्या खोडावर नखं घासत म्हणायचा, "काहीही कर."

सासूबाई म्हणायच्या, "माझं काय मेलं, मी दोन घास खाणार. तुम्हाला आवडेल ते करा."

चिमी म्हणायची, "काहीतरी वेगळं!"

आता 'काहीही' नावाचा पदार्थ कुठल्याच जंगलात आजवर शिजलेला नाही. सुलोचनाने उंबरांची भाजी केली की भालचंद्र पातेल्यात डोकावून म्हणायचा, "परत उंबरं?" चारोळीची चिक्की केली की सासूबाई गालाला हात लावून बसायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या दातांचा विचार कुणी करायचा?" आणि खरोखरच काहीतरी वेगळं केलं, तर चिमी पान बाजूला सारून म्हणायची, "हे नको. नेहमीचं दे."

असं अकरा वर्षं चाललं होतं. अकरा वर्षांत दिवस किती होतात, ते वहीत मांडून बघा. तेवढ्या वेळा तिने विचारलं होतं आणि तेवढ्या वेळा तिला उत्तर मिळालं नव्हतं.

सगळ्यांची जेवणं झाली की सुलोचना पातेलं पुढ्यात ओढायची. तळाशी जे असेल ते तिचं जेवण. ती सढळ हाताने, अंदाजाने करायची, त्यामुळे तळाशी काहीतरी असायचंच. निदान खरवड तरी असायची. तिचं पोट भरायचं. याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. कुणीतरी एकदा तरी आपल्या प्रश्नाचं धड उत्तर द्यावं, एवढंच तिचं मागणं होतं.

एके दिवशी गुहेच्या दाराशी एक तरस आला. तो हसत होता. तरसाचा चेहराच हसरा असतो, त्याला बिचारा तो काय करणार? म्हणून तर जंगलातल्या सगळ्या कंपन्या माल विकायला तरसच ठेवतात.

"ताई," तरस म्हणाला, "आज काय करू, असा प्रश्न पडतो का तुम्हाला?"

सुलोचनाच्या हातातलं सूप थांबलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळ्या गुहांत पडतो, ताई. आता नाही पडणार." त्याने पिशवीतून भोपळ्याएवढा एक चकचकीत डबा काढला. डब्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. "ही पाकबुद्धी. कृत्रिम बुद्धी आहे. घरात काय आहे, कुणाला काय आवडतं, काल काय झालं होतं, सगळं लक्षात ठेवते. आणि रोज सकाळी सांगते, आज काय करायचं."

"कृत्रिम?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "खरी नाही का मिळत?"

"खरीचा तुटवडा आहे, आजी," तरस हसत म्हणाला.

एका मधाच्या पोळ्याच्या बदल्यात डबा घरात आला. सुलोचनाने तो पुसून चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवला. डब्यातून गोड आवाज निघाला.

"नमस्कार. आपल्या घरात जेवणारे किती?"

सुलोचनाने नखांवर मोजलं. "हे. सासूबाई. चिमी. तीन."

"आणि आपण कोण?"

"मी? मी करणारी."

"नोंद झाली," डबा म्हणाला. "जेवणारे तीन. करणारी एक."

मुलांनो, इथे मनात एक गाठ मारून ठेवा. सुलोचनाने काही लपवलं नव्हतं बरं का. पाहुणे यायचे असले की तिची आई अशीच मोजायची, आणि आईची आईही अशीच मोजायची. तुमच्या घरी कुणी ताटं मोजत असेल तेव्हा जरा कान देऊन ऐका. मी काय म्हणतो ते कळेल.

मग डब्याने एकेकाला समोर बसवलं.

"आपल्याला काय आवडतं?" त्याने भालचंद्रला विचारलं.

"काहीही चालतं," भालचंद्र म्हणाला आणि उठू लागला.

"'काहीही' ही नोंद घेता येत नाही. कृपया पुन्हा सांगा."

भालचंद्र पुन्हा खाली बसला. 'काहीही' म्हटल्यावर लगेच पुन्हा तोच प्रश्न त्याला कुणी कधी विचारला नव्हता. त्याने डोकं खाजवलं. मग हळूहळू बोलायला लागला, आणि एकदा लागला तो थांबेचना. ऊन मोहाच्या झाडावरून सरकत सरकत नाल्यापलीकडे गेलं, तरी तो बोलतच होता. वड्यांना कडा कशा हव्यात, आमटी किती दाट हवी, मध आधी हवा की नंतर.

"आणि लाल भोपळा नको," तो शेवटी म्हणाला. "मला तो कधीच आवडला नाही."

सुलोचना फुलं निवडत ऐकत होती. तिचा हात थांबला. दर गुरुवारी ती लाल भोपळा करायची. त्याला भोपळा म्हणजे जीव की प्राण, असं तिला लग्नात कुणीतरी सांगितलं होतं. तिला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. डब्याला जे पहिल्या दिवशी सांगितलं, ते मला अकरा वर्षांत का नाही सांगितलं, असं तिच्या मनात आलं. पण विचारणार कुणाला?

सासूबाईंची पाळी आली. "मी दोन घास खाणार," त्या म्हणाल्या. "दोन घास म्हणजे किती?" डब्याने विचारलं. त्या मोजायला बसल्या, तेव्हा दोन घासांत सात पदार्थ निघाले. चिमीला डब्याने विचारलं, "वेगळं म्हणजे काय?" चिमी म्हणाली, "मंदाकिनीमावशीकडे असतं तसं." मंदाकिनी म्हणजे पलीकडच्या बिळातली साळिंदरीण. तिच्याकडे रोज कंदच असायचे, पण ते असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा म्हणाला, "आज कोवळ्या बांबूची भाजी, चारोळीची आमटी आणि वाळवीचे कुरकुरीत वडे."

सुलोचनाने केलं. तिघं पळसाची पानं मांडून बसली. भालचंद्रने वड्याचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"वा!" तो म्हणाला. "काय हुशार डबा आहे!"

सासूबाई दोन घासांच्या नावावर भरपूर जेवल्या. चिमीने पान चाटून इतकं लख्ख केलं की ते पुन्हा झाडाला लावावं.

सुलोचनाला आनंद झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. सकाळी उठून डोकं खाजवायचं नाही म्हणजे केवढी सुटका! ती दोन दिवस काम करता करता गुणगुणत होती.

घरात मात्र एक नवीनच रिवाज पडला. वडे जमले की डबा हुशार. आमटी खारट झाली की, "अगं, डब्याने सांगितलं तसं केलं नाहीस का?" चुलीपाशी येऊन 'आज काय केलंस' असंही कुणी विचारेना. "डब्याने काय सांगितलंय?" असं विचारायचे, आणि तेही डब्यालाच.

आणखी एक गोष्ट झाली. डबा मापाला फार काटेकोर होता. "बांबू तीन ओंजळी. आमटी तीन वाट्या. वडे नऊ, प्रत्येकी तीन." जेवणारे तीन, आणि तिघांना बरोबर पुरेल एवढंच. पहिल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर सुलोचनाने नेहमीसारखं पातेलं पुढ्यात ओढलं. आत पातेल्याचा तळ होता. भाजी इतकी मोजून मापून झाली होती की खरवडही धरली नव्हती.

"असू दे," ती म्हणाली, आणि पळी चाटून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशीही तळच. तिसऱ्या दिवशी तिने सगळ्यांची नजर चुकवून मूठभर बांबू जास्त टाकला.

"अंदाजे एक मूठ जादा!" डबा मोठ्याने म्हणाला. "वाया जाईल!"

"सुलोचना," आतून सासूबाई म्हणाल्या, "तो सांगतो तेवढंच घाल गं. अन्नाची नासाडी बरी नव्हे."

आता तुम्ही हुशार मुलं विचाराल, अस्वलीण ना ती? मग झाडावरची उंबरं का नाही खाल्ली? खाल्ली की! पण येता-जाता चार उंबरं तोंडात टाकून तुमचं तरी पोट भरतं का? मग दुपारी स्वतःपुरतं काही करून का नाही खाल्लं? हा प्रश्न तुम्ही तुमच्या आईलाच विचारा. "एकटीसाठी कुठे चूल पेटवत बसू," असं ती म्हणेल. सुलोचनाही तेच म्हणाली आणि पाणी पिऊन झोपली.

आठवड्याभराने सिंहमहाराजांच्या दरबारातून एक बगळा आला. त्याच्या चोचीत प्रमाणपत्र होतं. 'जंगलातील पहिले काहीही न उरणारे घर.' भालचंद्रने सगळ्या शेजाऱ्यांना गोळा केलं. प्रमाणपत्र हातात देऊन सुलोचनाला मध्ये उभं केलं. तिला भोवळ आली. सगळ्यांना वाटलं, तिला भरून आलंय. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम संपल्यावर मंदाकिनी साळिंदरीण तिला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं बाई, केवढी बारीक झालीस! काय करतेस तरी काय?"

"कुठे काय," सुलोचना म्हणाली. "डबा घेतलाय."

दुसऱ्याच दिवशी मंदाकिनीने डबा घेतला. मग कोल्हिणीने घेतला. मग वानरीने, रानडुकरिणीने. हरिणीने घेतला, ती तर आधीच बारीक होती, आता वारा सुटला की ती झाडाला धरून उभी राहायची. सगळ्या एकमेकींना म्हणायच्या, "कशी छान दिसतेस!" तरसाने मोठी पाटी लावली, 'पाकबुद्धी घ्या, सडपातळ व्हा.' आणि हसतच राहिला.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी घरात सगळे पोटभर जेवून घोरत होते. सुलोचना चुलीपाशी बसली होती. पोटात नुसता खड्डा पडला होता. सवयीने ती चुलीला म्हणाली, "भूक लागली गं."

चूल काही बोलली नाही. डबा बोलला.

"कुणाला?"

"मला."

"आपण 'करणारी' आहात. भुकेचा रकाना फक्त जेवणाऱ्यांना आहे. जेवणारा वाढवायचा का?"

सुलोचना डब्याकडे बघतच राहिली. इतकं स्पष्ट तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते भुकेने आलं की रागाने, तिचं तिलाच कळेना.

"वाढव," ती म्हणाली.

"नाव?"

"सुलोचना."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली."

डब्याचा हिरवा दिवा लाल झाला, लालचा पिवळा झाला, आणि आतून असा काही ढोल वाजला की छताची वटवाघळं दाराबाहेर पळाली.

"अभिनंदन! अभिनंदन! आपल्या घरात आता जेवणारे चार!"

सासूबाई दचकून उठल्या. चार? त्यांनी नखांवर मोजलं. मी, भालू, चिमी. तीन. मग चौथं कोण? त्यांनी पुन्हा मोजलं, आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"अगं सुलोचना! आणि आम्हाला सांगितलं नाहीस होय गं!"

भालचंद्र धावत आला. त्यानेही नखांवर मोजलं. तोही तिनावरच अडला. मग तो सुलोचनाकडे असा बघायला लागला, जसा लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात बघायचा.

"अहो, तसं काही नाही," सुलोचना म्हणाली. "तो डबा काय म्हणतोय की..."

"तू आधी बस," भालचंद्र म्हणाला. "उभी राहू नकोस." आणि तो बाहेर पळाला.

तासाभराने तो परत आला, तेव्हा त्याचं नाक सुजून पेरूएवढं झालं होतं आणि हातात मधाचं भलंमोठं पोळं होतं. त्यातून मध ठिबकत होता.

"खा," तो म्हणाला. "सगळं तुझं."

मुलांनो, यावेळी तिने खरं सांगायला हवं होतं. मलाही तसंच वाटतं. पण मी आत्ताच जेवून आलोय, आणि तिला एकोणीस दिवस झाले होते. ती खोटं एक शब्दही बोलली नाही. खरंही बोलली नाही. तोंड भरलेलं होतं.

संध्याकाळी सासूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, "तुला काय खावंसं वाटतंय?"

सुलोचना चपापली. असले प्रश्न या गुहेत तिनेच विचारायचे असतात. तिला हा कुणी विचारला होता, तो चिमीच्या वेळी. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

"काहीही," ती म्हणाली.

"'काहीही' ही नोंद घेता येत नाही," कोनाड्यातून डबा म्हणाला.

"बरोबर बोलतोय तो," सासूबाई म्हणाल्या. "डोहाळे नीट सांगावेत. नाहीतर बाळाचे कान फुटतात."

सुलोचना विचार करायला लागली. भालचंद्रला वड्याची कड कशी लागते, ते तिला आता पाठ होतं. सासूबाईंचे सात पदार्थ पाठ होते. स्वतःचं मात्र काही आठवेना. ती मनातल्या मनात मागे मागे गेली. चिमीच्या मागे, लग्नाच्या मागे, माहेरच्या डोंगरापर्यंत गेली, तेव्हा कुठे तिच्या जिभेला पाणी सुटलं.

"लाल मुंग्यांची चटणी," ती हळूच म्हणाली. "आंबटढाण. भाजलेल्या मोहाच्या फुलांबरोबर. माझी आई करायची."

"नोंद झाली," डबा म्हणाला.

सासूबाई उठल्या. त्यांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेला पाटा ओढला आणि स्वतः चटणी वाटायला बसल्या. वाटता वाटता त्यांनी बोटाने थोडी चाटली. मग आणखी थोडी चाटली. "मीठ बघतेय," असं म्हणाल्या. चौथ्यांदा मीठ बघताना त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्याही माहेरी व्हायची," त्या म्हणाल्या. "इथे आले आणि सुटली. तुझ्या सासऱ्यांना आंबट चालत नसे. मला काही कुणी विचारलं नाही, आणि मग मीही बोलले नाही."

दोघींनी पाट्यावरूनच चटणी संपवली. सुलोचनाला सासूबाईंची माया आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अशी आली. आता खरं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. ती तोंड उघडणार, एवढ्यात सासूबाईंनी बाळाचं नाव ठरवायला घेतलं.

दिवस गेले. करवंदं येऊन गेली, जांभळं येऊन गेली. सुलोचना मध आणि चटणी खाऊन पुन्हा चांगली गरगरीत झाली, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. तिने तीनदा खरं सांगायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा कुणीतरी तिच्या तोंडात काहीतरी कोंबलं. पण मनातून ती घाबरलेली असायची. खरं कळलं की हे सगळं थांबणार, आणि आपण पुन्हा पळी चाटत बसणार, हे तिला दिसत होतं.

शेवटी डोहाळेजेवण ठरलं. वेलींचा झोपाळा बांधला. सुलोचनाच्या डोक्यावर फुलांचा मुकुट चढवला. जंगलातल्या झाडून सगळ्या बायका आल्या. सगळ्या कशा बारीक आणि छान दिसत होत्या. गाणी म्हणताना त्यांचं लक्ष झोपाळ्याकडे कमी आणि लाडवांच्या टोपलीकडे जास्त होतं. भालचंद्र झाडामागून डोकावत होता, कारण पुरुषांना आत यायला बंदी होती.

सासूबाईंच्या अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांनी डबा आणून पाटावर ठेवला, त्यालाही हळदकुंकू लावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सांग रे डब्या, आमचा चौथा जेवणारा कधी येणार?"

डब्याला वेळ मारून नेता येत नव्हती. तेवढी खरी बुद्धी त्याच्यात नव्हती.

"चौथी जेवणारी अकरा वर्षांपूर्वीच आलेली आहे," डबा म्हणाला. "नाव सुलोचना. आवड, लाल मुंग्यांची चटणी. नोंद होण्याआधी एकोणीस दिवस उपाशी."

झोपाळा थांबला. गाणं थांबलं. सुलोचनाने डोक्यावरचा मुकुट काढून मांडीवर ठेवला. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून ती बसून राहिली.

"म्हणजे बाळ नाही?" झाडामागून भालचंद्रने विचारलं.

"नाही," सुलोचना म्हणाली.

"मग मी एवढ्या माश्या चावून घेतल्या, त्या कुणासाठी?"

"माझ्यासाठी," सुलोचना म्हणाली.

भालचंद्र नाकाला हात लावून तसाच उभा राहिला.

तेवढ्यात मंदाकिनी साळिंदरीण अर्धा लाडू हातात धरून म्हणाली, "अगं, मी डबा सुरू करताना जेवणारे किती सांगितले होते बरं?" ती अंगावरच्या काट्यांवर मोजायला लागली. तिचा चेहरा पडला. कोल्हीण मोजायला लागली. रानडुकरीण मोजायला लागली. हरिणीने मोजलं आणि मटकन खालीच बसली. मग एकेक करत सगळ्या उठल्या, जाताना दोन-दोन लाडू घेतले आणि आपापल्या घरी पळाल्या.

त्या संध्याकाळी जंगलातल्या प्रत्येक बिळातून, ढोलीतून, गुहेतून ढोल वाजत होते. "अभिनंदन! अभिनंदन!" सिंहमहाराजांच्या दरबारात घबराट उडाली. एका संध्याकाळी दोनशे चौदा नवे जेवणारे! लोकसंख्यावाढ रोखण्यासाठी तातडीची बैठक बसली. समिती नेमायचं ठरत होतं, तोच खुद्द महाराजांच्या गुहेतून ढोल ऐकू आला. तिथे शिकार रोज सिंहीण करायची आणि पहिला घास महाराज घ्यायचे, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. महाराजांनी बैठक तहकूब केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाच्या गुहेत पहिला आवाज डब्याचा आला.

"डोहाळ्यांचा काळ संपला आहे. चौथी जेवणारी कायम ठेवायची का? बाकी तिघांनी सांगावं."

सुलोचना रिकामं पातेलं हातात धरून उभी होती. तिने खाली बघितलं.

"हो!" चिमी ओरडली.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "आणि चटणीत माझीही एक वाटी धर."

सगळ्यांनी भालचंद्रकडे बघितलं. तो खोडावर नखं घासत होता.

"काहीही," तो सवयीने म्हणाला.

"'काहीही' ही नोंद घेता येत नाही," डबा म्हणाला.

भालचंद्रचं नख थांबलं. तो वळला. त्याने सुलोचनाकडे बघितलं, तिच्या हातातल्या पातेल्याकडे बघितलं, आणि त्याची मान खाली गेली.

"हो," तो म्हणाला. "ठेव. माझं मोजताना चुकलं."

त्या दिवशी सुलोचनाने 'आज काय करू' असं कुणालाच विचारलं नाही. तिने लाल मुंग्यांची चटणी केली. चार पानं मांडली आणि चौथ्या पानावर स्वतः बसली. भालचंद्रने चटणीचं बोट तोंडात घातलं. त्याचे डोळे मिटले, कान हलले आणि अंगावरचे केस उभे राहिले.

"फार आंबट झालीय गं," तो म्हणाला.

"डब्याला सांगा," सुलोचना म्हणाली, आणि तिने आपल्या पानात आणखी एक पळी वाढून घेतली.

तात्पर्य: यंत्राने घर मोडतं, असं शहाणे लोक सांगतात. तुम्ही खुशाल यंत्र आणावं. घरातल्यांना चारपर्यंत मोजता येत नसेल, तर कुणाला तरी यायला हवं. फक्त आणल्या दिवशी आपलं नाव जेवणाऱ्यांत घालायला विसरू नये. आणि विसरलंच, तर खरं बाहेर येईपर्यंत तोंड भरलेलं ठेवावं.